इस्रायलमधली नातवंडं कोकणात आणताना : पहिल्यांदाच गट घेऊन येणाऱ्यांसाठी

दिमोना, अश्दोद, लोद, रामला, बेअरशेवा इथल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी ज्यूंच्या घरांत आता तिसरी-चौथी पिढी वाढते आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांना आजीच्या हातचं वालाचं बिरडं आवडतं, "चल, जेवून घे" एवढं मराठी कळतं, घरात कुणाचं लग्न ठरलं की मेंदी हौसेने काढली जाते. पण ज्या गावाचं नाव त्यांच्या आडनावात आहे, ते गाव बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. अशी आठ-पंधरा मुलं एकत्र करून त्यांना रायगड जिल्ह्यात, पूर्वजांच्या मुलखात न्यायचं मनात असेल, आणि हे काम तुम्ही पहिल्यांदाच अंगावर घेत असाल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. तुम्ही तिकडून मुलं घेऊन येणारे असा किंवा मुंबई-ठाणे-अलिबागला त्यांना उतरवून घेणारे नातेवाईक.

आधीच सांगते, सगळी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) पाहून व्हायलाच हवीत हा हट्ट सोडा. मुंबई, ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा अशी यादी केली की चौथ्या ठिकाणी मुलं दारातच फोन काढून बसतात. सहल आखायची ती आडनावांवरून.

आडनावांची यादी करा

मुलांची नावं आली की प्रत्येकाच्या आईचं आणि वडिलांचं, दोन्हीकडचं जुनं आडनाव मागवा. इस्रायलमध्ये काहींनी आडनाव बदलून हिब्रू घेतलं आहे, म्हणून "जुनं" हा शब्द फॉर्मवर ठळक लिहा. मग रायगडचा नकाशा घेऊन बसा. केहिमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे, झिराडकर झिराडचे, आवासकर आवासचे, थळकर थळचे, नागावकर नागावचे, चेऊलकर चौलचे, पेझारकर पेझारीचे. ही सगळी गावं अलिबाग तालुक्यात, एकमेकांपासून गाडीने फार तर तासाभराच्या अंतरावर. पेणकर आणि वाकरूळकर पेणच्या बाजूला. रोहेकर आणि अष्टमकर तर समोरासमोरचेच. कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर अष्टमी. गटात दोन्ही आडनावांची मुलं असतील तर त्यांना पुलावर उतरवा आणि चालत पलीकडे जाऊ द्या.

एकच खबरदारी. याच आडनावांची कितीतरी हिंदू घरंही त्या-त्या गावांत आहेत. "नागावकर कुठे राहतात?" एवढंच विचारलंत तर दहा दारं दाखवली जातील. "इस्रायल आळी कुठे होती?" किंवा "शनिवार तेल्यांची घरं कुठली?" असं विचारा. जुन्या माणसांना लगेच कळतं. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आपल्या लोकांची तीच ओळख होती.

निघण्याआधी आजी-आजोबांशी बोलणं

या पायरीला किमान दोन महिने द्या. प्रत्येक मुलाने घरातल्या सर्वात वयस्कर माणसाशी बसून बोलायचं आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. "तुमचं बालपण कसं होतं" असल्या ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर येतं. नेमकं विचारायला शिकवा. पाणी कुठल्या विहिरीचं भरायचात? घरासमोर कुणाचं घर होतं? शाळेत कुठल्या रस्त्याने जायचात? घर विकलं की सोडून दिलं, आणि कोणाला? आजोबांच्या आई-वडिलांना कुठे पुरलं आहे? शेजाऱ्याचं एक नाव हाती लागलं की गावात अर्धं काम होतं.

सणांची जुनी नावंही विचारून घ्या. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाला, आपल्या पणज्या दारफाळणी म्हणत आणि दिवसभर दार लावून घरात बसत, हे ऐकलं की मुलं स्वतःहून पुढचं विचारू लागतात.

आणखी एक गोष्ट निघण्याआधी बोलून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. 1962 पासून इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या लग्नांवर धर्माधिकाऱ्यांनी हरकती घेतल्या. आधी वंश तपासू, मग लग्न लावू, अशी भूमिका घेतली. त्याविरुद्ध आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि 1964 साली क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं ठामपणे जाहीर केलं. मुलांच्या आजी-आजोबांनी हे सोसलं आहे. बहुतेक घरांत त्याबद्दल बोललं जात नाही. कोकणात पाऊल ठेवण्याआधी मुलांना हे माहीत असलं, तर नवगावचं पूर्वजांचं स्मारक त्यांना वेगळं दिसतं.

तारीख कशी धरायची

जुलै-ऑगस्टची मोठी सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा कोकणात पाऊस कोसळत असतो, गेटवेच्या लाँच बंद असतात आणि कब्रस्तानांत कमरेएवढं गवत वाढलेलं असतं. सुक्कोथला (सप्टेंबर-ऑक्टोबरातला सण) हवा बरी असते, मात्र सणाच्या पहिल्या-शेवटच्या दिवशी प्रवास करता येत नाही. माझ्या मते हनुक्का, डिसेंबरच्या सुमाराचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, सर्वात चांगला. थंडी पडायला लागलेली असते, दिवसा फिरायला बंधन नाही आणि रोज संध्याकाळी मेणबत्त्या लावायला सगळे एकत्र बसतात. नाताळच्या आठवड्यात मात्र अलिबागला पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात, तेवढं पाहून घ्या.

हनुक्काची आणखी एक गंमत. आपल्या पूर्वजांना हा सण ठाऊकच नव्हता. कोकणात ते शेमा ही प्रार्थना म्हणत, आठव्या दिवशी सुंता करत, शनिवार पाळत, पण हनुक्का पाळत नसत. हनुक्का ज्याची आठवण आहे, तो जेरुसलेममधला मक्काब्यांचा विजय इ.स.पू. 164 च्या सुमाराचा. म्हणून त्याआधीच, इ.स.पू. 175 च्या आसपास, आपले लोक तिकडून निघाले असावेत, असा युक्तिवाद परंपरेने केला जातो. हे अलिबागमध्ये मेणबत्त्या लावताना सांगा. सोळा वर्षांची मुलं यावर वाद घालतात. घालू द्या.

बारावी झालेली, सैन्यात जाण्याआधीची मुलं असतील आणि शाळेचं वेळापत्रक आड येत नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीतला तू बिश्वात, हा झाडांचा सण, धरा. त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला प्रेषित एलियाहू हनाबीच्या खडकापाशी लोक जमतात.

कागदपत्रं

इस्रायली पासपोर्टवर भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो. आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा भारतीय नागरिक असतील, तर मुलांना ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्डही मिळू शकतं. त्याला जुने भारतीय पासपोर्ट, जन्मदाखले लागतात आणि वेळ जातो. म्हणून या सहलीसाठी व्हिसाच काढा आणि ओसीआयचं काम वेगळं चालू ठेवा. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र, विम्याची प्रत आणि औषधांची यादी गटप्रमुखाकडे छापील असावी.

मुलं नातेवाइकांच्या घरी राहणार असतील तर यजमानांना एक गोष्ट आठवणीने सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद, जिला आधी फॉर्म सी म्हणत, 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. हॉटेलवाले ती आपोआप भरतात. घरगुती यजमानांना बरेचदा हे माहीतच नसतं आणि मग पोलिस चौकीचे फेरे होतात.

नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कुलाब्याचं नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झालं, तेव्हापासून सिनेगॉगांना पहारा असतो. आगाऊ कळवल्याशिवाय गट घेऊन दारात उभे राहू नका. विश्वस्तांना निदान दोन आठवडे आधी मुलांची यादी आणि पासपोर्टच्या प्रती पाठवा. मुलांनी पहारेकऱ्यांचे आणि बंदोबस्ताचे फोटो काढायचे नाहीत, हे विमानात बसण्याआधीच बजावून ठेवा.

गावाकडे पैसे रोख ठेवा. सगळीकडे क्यूआर कोड लावलेले दिसतात, पण परदेशी कार्डावर ते चालत नाहीत.

मुंबईत दोन दिवस पुरेत

पहिला दिवस झोप आणि उन्हाची सवय होण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मशीद बंदरला उतरून सॅम्युएल स्ट्रीटवरची शाआर हारहमीम (सिनेगॉग) पाहा. जुन्या लोकांत ती "जुनी मशीद" म्हणूनच ओळखली जाते आणि स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. ती 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. कंपनीच्या सैन्यातले हे अधिकारी म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस त्यांनी केला, अशी आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. वेळ उरलाच तर फोर्टमधलं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग दाखवा आणि ते बगदादी ज्यूंचं आहे, आपल्याहून निराळ्या समाजाचं, हेही सांगा. मुलं दोन्ही समाज एकच समजतात. बाकीची मुंबई पुढच्या खेपेला.

अलिबागला जाताना

समुद्राने जा. पूर्वज समुद्रातून आले होते, मुलांनीही तो किनारा आधी पाण्यातून पाहावा. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते आणि तिच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. सामान जास्त असेल किंवा सतरा सीटांची गाडीच सोबत न्यायची असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. साधारण तासाचा प्रवास. रस्त्याने वडखळ नाक्यावर अडकलात तर दुपार गेली समजा. शुक्रवारी तर दुपारच्या जेवणाआधीच मुक्कामी पोचलेलं असावं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि तेव्हा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; मग शनिवार संध्याकाळपर्यंत गाडीने प्रवास नाही.

मुक्काम अलिबाग गावातच, सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. समुद्रकाठचा लांबचा बंगला स्वस्त आणि मोठा पडला, तरी शब्बाथला तिथून गाडी लागेल.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ स्थानिक माणसाकडून दोनदा विचारून घ्या. भूमध्य समुद्रात पोहणारी मुलं इथल्या पाण्याला कमी लेखतात. परवानगी कमरेपर्यंतच्याच पाण्याची, आणि तीही एक मोठं माणूस किनाऱ्यावर उभं असेल तेव्हा.

नवगाव

इथे सकाळी लवकर जा. परंपरा सांगते ती अशी : खांदेरी-उंदेरीच्या जवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेतं त्यांनी या किनाऱ्याजवळ पुरली. ते उंचवटे आणि त्यांच्याजवळ उभारलेलं स्मारक, असं हे ठिकाण. तिकीट नाही, दुकान नाही, माहिती सांगणारं कुणी नाही. म्हणून तयारी तुम्हालाच करावी लागते. मुलांपैकी कुणी तरी कद्दिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणणार असेल तर ते आदल्या रात्री ठरवा. नंतर अर्धा तास काहीच कार्यक्रम ठेवू नका. समुद्र दिसतो तिकडे मुलांना नुसतं बसू द्या.

खंडाळ्याला, एलियाहू हनाबीच्या खडकापाशी, दुसऱ्या दिवशी जा. प्रेषिताचा रथ आकाशात जाताना खडकावर चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण उमटली, अशी श्रद्धा आहे. बाहेरचा ड्रायव्हर असेल तर "अलिबाग-पेण रस्त्यावरचं खंडाळे" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो लोणावळ्याकडे गाडी घालायचा.

गावातलं जुनं घर

सहलीचा सगळा जीव इथे आहे, आणि गोंधळ होण्याची भीतीही इथेच. अलिबाग तालुक्यात जमिनीचे भाव गगनाला भिडले आहेत. अशा वेळी परदेशी पासपोर्टवाली पंधरा मुलं दारात उभी राहून "हे आमच्या आजोबांचं घर" म्हणाली, तर घरमालकाच्या पोटात गोळा येणारच. म्हणून आधी एका स्थानिक, ओळखीच्या माणसाला पाठवा. त्याने सरपंच किंवा पोलिस पाटलाला कळवावं आणि घरच्यांना स्वच्छ सांगावं : मुलं फक्त पाहायला येताहेत, जमिनीचा काही प्रश्न नाही, कसलाही कागद मागणार नाहीत. तुम्हीही त्या दिवशी सातबाऱ्याचा विषय काढू नका, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही. कुणाच्या कुटुंबाचा खरोखर काही दावा असेल, तर तो वेगळ्या वेळी, वकिलामार्फत.

सगळा गट आत नेऊ नका. ज्याचं गाव त्याच्याबरोबर चार-पाच जण, बाकीचे देवळाच्या पारावर किंवा शाळेच्या पटांगणात थांबतील. चपला बाहेर, चहा दिला तर घ्यायचा, वयस्कर बाईंना आजी किंवा मावशी म्हणायचं. आजोबांचा तरुणपणीचा फोटो मोठ्या आकारात छापून न्या. मी पाहिलं आहे, मुलाच्या मोडक्या मराठीने जे होत नाही ते त्या फोटोने होतं. म्हाताऱ्या शेजारणीने चष्मा पुसून फोटो हातात घेतला, की ती सुनेला हाक मारते, सून सासऱ्यांना उठवते, आणि पंधरा मिनिटांत अंगणात खुर्च्या येतात. मग मुलाने रेकॉर्डिंगमधला आजीचा आवाज लावावा. जुन्या शेजाऱ्याचं नाव त्यात असेल, तर पुढचं तुम्हाला काही करावं लागत नाही.

घर पडून गेलेलं असेल, किंवा त्या जागी बंगला उभा असेल, तर मुलाची आधीच समजूत घाला. विहीर बहुधा राहिलेली असते. तिथे न्या.

कब्रस्तान

जुन्या दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही मजकूर आढळतो. मुलांना हिब्रू वाचता येतं, इथल्या पोरांना मराठी. अलिबागमधली दोन-चार कॉलेजची मुलं बरोबर घ्या आणि जोड्या लावा. दोघांपैकी एकट्याला पूर्ण दगड लागत नाही, म्हणून ती आपोआप एकमेकांशी बोलतात. साल हिब्रू अक्षरांत असेल आणि हजाराचा आकडा गाळलेला असेल, तर त्यात 1240 मिळवले की इसवी सन येतं, एखाद्या वर्षाचा फरक धरून. म्हणजे दगडावर 700 असेल तर 1940 च्या सुमाराचं. दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. खडू, चुना, ॲसिड यांतलं काहीही लावू नका. प्रत्येक दगडाचा एक सरळ आणि एक तिरप्या उन्हातला फोटो घ्या. झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हातच दिसतात.

बेने इस्रायलांत परंपरेने कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातले, नाहीत, त्यामुळे आपल्याकडे हा विचार कुणाच्या मनात येत नाही. पण आता वडील दुसऱ्या समाजातले आणि आई आपली, अशी मुलं गटात असतात. त्यांच्यापैकी कुणी कोहेन असेल तर त्याला कब्रस्तानात शिरायला चालत नाही. आधी विचारून त्याच्यासाठी बाहेरचं काम ठेवा.

शब्बाथ आणि मलिदा

अलिबागची मागेन आबोथ (सिनेगॉग) 1848 ची, आत्ताची इमारत 1910 ची. आळीत आपली घरं आता मोजकीच राहिली आहेत. दहा पुरुष जमले तरच पूर्ण प्रार्थना होते, आणि तेवढे नेहमी जमतातच असं नाही. तुमच्या गटात तेरा वर्षांवरचे मुलगे असले की मिनयान, म्हणजे ही दहांची संख्या, पुरी होते. मुलांना हे आधी सांगा. आपण पाहुणे म्हणून जात नाही, तिथे आपली गरज आहे, हे कळल्यावर शुक्रवारी संध्याकाळी त्यांना उठवावं लागत नाही. प्रार्थनेच्या चाली वेगळ्या असतील. मध्येच आपली चाल लावू नये. इथल्या वडीलधाऱ्यांना पुढे होऊ द्यावं.

शब्बाथ उतरला की रविवारी मलिदा. सगळी तयारी आयती मागवू नका. पोहे धुऊन निथळत ठेवणं, विळीवर नारळ खवणं, वेलची कुटणं, सुकामेवा चिरणं ही कामं मुलांना द्या. विळीवर पाय दुमडून कसं बसायचं हे दाखवणारी एखादी काकू मात्र हवी, पातं धारदार असतं. पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ एकत्र कालवून ताटात त्याची रास करतात आणि भोवती निदान पाच प्रकारची फळं मांडतात. एलियाहू हनाबीचं गाणं होतं, झाडावरच्या फळांचा आणि जमिनीतून आलेल्याचा असे वेगवेगळे आशीर्वाद म्हणतात. हिब्रू आशीर्वाद मुलांना पाठ असतात. कोणत्या फळाला कोणता, हे त्यांनाच ठरवू द्या.

जेवण

कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, मांस इथे सहज मिळत नाही, ते विसरा. शाकाहार आणि मासे. पापलेट, रावस, बांगडा चालतो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नाहीत. खानावळीत आधी जाऊन सांगा की आमचा मासा वेगळ्या तव्यावर, ताज्या तेलात तळायचा, कारण त्याच तेलात कोळंबी तळलेली असते. यावरून मुलांना दाविद रहाबीची कथा सांगा. कोचीहून आलेल्या या माणसाने आपल्या समाजातल्या बायकांसमोर सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले, आणि त्यांनी पर-खवले असलेलेच तेवढे निवडले. त्यावरून हे लोक ज्यूच आहेत हे त्याने ओळखलं, असं म्हणतात. त्यानंतर मुलांना अलिबागच्या मासळीबाजारात नेऊन तीच निवड करायला लावा, कोळणी हौसेने मदत करतात.

आमटीत आणि गोडात नारळाचं दूध का, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून आपल्या स्वयंपाकात नारळाचं दूध आलं. पाणी बाटलीचं, बर्फ बंद, पोट बिघडलं तर पेज. आणि डासांचं मलम.

परतल्यावर

महिन्याभरात दोन कामं उरकून घ्या, नंतर होत नाहीत. कब्रस्तानातले फोटो गावाप्रमाणे लावून, वाचलेल्या मजकुरासह एक प्रत अलिबागच्या विश्वस्तांना आणि एक प्रत्येक कुटुंबाला द्या. दुसरं म्हणजे ज्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या, त्या घरांना छापील फोटो टपालाने पाठवा. मागे मुलाने स्वतःच्या हाताने, वेडंवाकडं का होईना, मराठीत आपलं नाव आणि जुनं आडनाव लिहावं. देणगी द्यायची असेल तर ती सिनेगॉगच्या किंवा कब्रस्तानाच्या देखभालीसाठी, पावती घेऊन. गावात कुणाच्या हातात रोख रक्कम ठेवू नका. पुढच्या वर्षी येणाऱ्या गटाकडून मग तीच अपेक्षा धरली जाते.